पाण्याच्या मानाने

कल्याणहून सकाळच्या गाडीने ठाण्याला उतरले की मी सरळ गावात जात नाही. आधी नाक खाडीकडे वळतं, मग पाय. परवाही तसंच झालं. काम होतं शाळेसाठी पाट्या आणि पुस्तकं घेण्याचं. पण कोपरीच्या बाजूने वारा आला, आणि त्या वाऱ्यात तापलेल्या चिखलाचा, सुकलेल्या शेवाळाचा आणि त्यांच्या मागे कुठेतरी कोरड्या, स्वच्छ मिठाचा वास होता. मिठाला वास नसतो असं लोक म्हणतात. ज्यांचं लहानपण मिठागरावर गेलं नाही त्यांनी खुशाल म्हणावं.

माझं गेलं. माझे वडील, ज्यांना मी बा म्हणायची आणि बाकी सगळं आगर पास्कू म्हणायचं, ते पाणी बघणारे होते. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील, की पाणी काय बघायचं? पण आगरावर सगळा जीव त्यावरच. भरतीचं पाणी बांधाआड घ्यायचं, मग उन्हात तापायला उथळ तळ्यांत फिरवायचं. त्या तळ्यांना तापवणी म्हणतात. तिथे ते दिवसेंदिवस आटतं, घट्ट होतं, तांबूस दिसू लागतं. आणि ते पुरतं पिकलं की उघाडी, म्हणजे बांधातलं लाकडी दार, वर उचलून ते मिठाच्या वाफ्यांत सोडायचं. लवकर सोडलं तर मीठ बिघडतं. उशिरा सोडलं तर ते तापवणीतच बसतं आणि कडू होतं. ते दार केव्हा उचलायचं हे पूर्ण आगरात एक माणूस सांगायचा, आणि तो माणूस माझा बा होता. घरात त्याला माझ्या आयपुढे शब्द काढायची सोय नव्हती. पण बांधावर तो बोलला की चाळीस माणसं हलायची.

बा पाणी बघायचा ते अंड्याने. रोज सकाळी कोंबडीखालचं ताजं, अजून ऊब असलेलं अंडं तो अंगरख्याच्या खिशातून न्यायचा. तापवणीच्या पाण्यात हलकेच सोडायचा. पाणी कच्चं असलं की अंडं बुडायचं, किंवा बुडू की नको करत मध्येच लोंबकळायचं. पाणी पिकत गेलं की वर यायचं. आणि त्याची पाठ रुपयाएवढी पाण्याबाहेर दिसली की बा दोन बोटं वर करायचा. मग दार उचललं जायचं. ते अंडं घरी परत यायचं, आय ते धुऊन कालवणात टाकायची, आणि दुसऱ्या दिवशी दुसरं. त्या कालवणाला मिठाची गरज नसते असं आय म्हणायची, आणि घालायची मात्र मूठभर.

दिवाळीनंतरचे ते महिने अजून माझ्या अंगावर आहेत. वाफ्यांची जमीन पायांनी तुडवून गुळगुळीत करायची असायची. बायका रांगेत, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून, एका तालात पाय आपटत जायच्या, आणि गाणं म्हणायच्या, त्यात सासू हमखास असायची. ती जमीन टाळ्यांसारखी वाजायची. संध्याकाळी पायांना भेगा आणि भेगांत मीठ. आय खोबरेल चोळायची आणि मी ओरडायची, आणि शेजारची आगरी बाई म्हणायची, हिने राणीच्या पोटी जन्माला यायला हवं होतं. विलायतेच्या राणीच्या राज्यात तर जन्मलेच होते मी. त्याने तळपायांना काही फरक पडला नाही.

आता त्या वर्षाचं सांगते. मी अकरा वर्षांची. आमच्या उपासाचे चाळीस दिवस सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी पाद्रीबाबा मिठागराला आशीर्वाद द्यायला यायचे. बांधावरून मिरवणूक, पुढे क्रूस, मागे घंटा, आणि पाद्रीबाबा ताडाच्या झावळीने तीर्थ शिंपडत वाफ्यांत, तापवणीत, फावड्यांवर, टोपल्यांवर. सगळ्याला आशीर्वाद. मला वाटलं, ज्याच्यावर सगळं चालतं त्या अंड्यालाच तेवढा नाही? त्या दिवशी सकाळचं अंडं मी पदरात घेऊन गेले होते. कोळशाने त्यावर बारीक क्रूस काढला होता. रांगेत पुढे घुसून ते पाद्रीबाबांपुढे धरलं. ते हसले, त्यांच्या गोव्याकडच्या हेलात काहीतरी पुटपुटले आणि अंड्यावर दोन थेंब टाकले.

झालं. ते अंडं आता साधं राहिलं नव्हतं. ते फोडणार कोण? तसंही उपासात अंडी खायची नसतात, आय ती तुसाच्या मडक्यात उपास सुटायच्या सणाच्या केकसाठी साठवायची. त्यामुळे रोज नवं अंडं न्यायचं कारणच उरलं नाही. आशीर्वादाचं अंडं चुलीजवळच्या कोनाड्यात, कापसात ठेवलेलं. बा तेच न्यायचा, तेच परत आणायचा. मीच त्याच्या हातात द्यायची. मला वाटायचं, यंदा आगर माझ्यामुळे चालतंय. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात तो असा.

आणि खरंच, काय वर्ष होतं ते. तिसऱ्या आठवड्यापासून पाणी झपाझप पिकू लागलं. जिथे पंधरा दिवस लागायचे तिथे दहा, मग आठ. अंडं दिमाखात वर तरंगायचं. आजूबाजूच्या आगरांतले लोक बघायला यायचे. आय म्हणाली, देवाचा हात लागलाय. बा पाण्यात हात घालून बोटं एकमेकांवर घासायचा, पाण्याकडे बघायचा, मग अंड्याकडे, आणि दोन बोटं वर करायचा. आता आठवतं, तो बोटं वर करायच्या आधी जरा थांबायचा. तेव्हा मला ते दिसलं होतं, पण कळलं नव्हतं.

पाचव्या आठवड्यात वाफे खरवडले तेव्हा मीठ वर आलं ते करड्या रंगाचं, चपट्या कपऱ्यांचं. जिभेवर ठेवलं तर अर्धं विरघळायचं आणि अर्धं चुन्यासारखं दातांत कचकचायचं. दुसरा वाफाही तसाच, तिसराही. मीठ-खात्याच्या सरकारी माणसाने ते घ्यायला नकार दिला. मालक गावातून टांगा करून आले, मिठाची चिमूट तोंडात टाकली आणि बाच्या पायाशी थुंकले. मालक वाईट माणूस नव्हते, पण त्या दिवशी तसंच वागले. म्हणाले, शेवटची तापवणी राहिली आहे. सणाच्या आदल्या दिवशी मी ढीग बघायला येईन. पांढरा ढीग नसला तर पुढल्या वर्षी पाण्यात काचेची नळी सोडून तिच्यावरचे आकडे वाचणारा शिकलेला माणूस आणीन. पास्कूने मग मिठाच्या पाट्या वाहाव्यात.

बा घरी आला आणि ओसरीवर बसून राहिला. वाढलेलं ताट तसंच. मी आयला विचारलं, बा रडतोय का? आय म्हणाली, तुझा बा रडत नाही, तो मिठाचा आहे. मग तीच रडली. चाळीस माणसांना हलवणारा माणूस डोक्यावर पाटी घेऊन त्याच बांधावरून चालणार, आणि दार दुसरा कुणी उचलायला सांगणार. मला एवढंच दिसत होतं, आणि झोपेतही दिसायचं.

मी गावातल्या मुलींच्या शाळेत जायची. आम्ही अकरा मुली आणि एक मास्तर. मास्तर कोकणातले, सोवळ्याओवळ्याचे, कपाळावर गंध, पण पदार्थविज्ञानावर त्यांचा जीव. मुलींना हे कशाला असं कुणी म्हटलं की ते म्हणायचे, पाणी स्त्री भरते, तेव्हा पाण्याचे गुण तिलाच कळायला हवेत. त्या आठवड्यात त्यांनी विशिष्ट गुरुत्व घेतलं. अत्तराची एक रिकामी बाटली, वाण्याकडून मागून आणलेला काटा आणि गुंजा. बाटली आधी विहिरीच्या पाण्याने काठोकाठ भरली, तोलली. मग रिकामी करून, पुसून, तीच बाटली खोबरेलाने भरली. मग खाडीच्या पाण्याने, जे मीच तांब्यातून आणलं होतं. मग मधाने. त्या दिवशी वर्गभर अत्तर, खोबरेल, मध आणि खाडी असा एक वास पसरला होता. तसा वास मला पुन्हा कुठेच आला नाही, आणि मी शोधला नाही असंही नाही.

फळ्यावर त्यांनी आकडे मांडले. पाणी एक. तेल एकाहून थोडं कमी. खाडीचं पाणी एकाहून थोडं जास्त. मध जवळजवळ दीड. एका मुलीने विचारलं, दीड काय, मास्तर? शेर की तोळे?

"शेरही नाही, तोळेही नाही," मास्तर म्हणाले. "दीड म्हणजे पाण्याच्या मानाने दीड. कुठलीही वस्तू नुसती जड किंवा हलकी नसते. कशाच्या मानाने, ते सांगावं लागतं. एखादी वस्तू तरंगली तर ती हलकी झाली, का पाणी जड झालं? तरंगणं तुम्हाला ते सांगत नाही. दोघांतलं एक बदललं एवढंच सांगतं."

मला कोनाड्यातलं अंडं आठवलं. पुढे ते काय बोलले ते मला आठवत नाही. सगळ्या मुली गेल्यावर मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि विचारलं, अंडं शिळं झालं की हलकं होतं का? मास्तर दोन पावलं मागे सरकले. जणू मी अंडं हातातच धरलं होतं. मग म्हणाले, अंड्याविषयी मला अनुभव नाही, बाळ. पण कवच दगडासारखं दिसत असलं तरी त्याला बारीक रंध्रं असतात. आतलं पाणी उडत असेल आणि त्याच्या जागी वारा शिरत असेल. आकार तेवढाच, वजन कमी. करून बघ. फक्त मला आणून दाखवू नकोस.

घरी पळत आले. तुसाच्या मडक्याला हात लावला नाही, कोंबडीखालून त्या दिवशीचं अंडं काढलं. एका हंडीत गोडं पाणी घेतलं. ताजं अंडं सोडलं, ते तळाशी जाऊन आडवं पडलं. मग कोनाड्यातलं आणलं. ते सोडलं आणि ते तरंगलं. गोड्या पाण्यात, जिथे मिठाचा कणही नव्हता. त्याचं बोथट टोक वर आलं, कोळशाचा क्रूस घेऊन, आणि पाण्यावर डुलू लागलं.

मी तिथेच बसले आणि रडले. पाणी पिकलं नव्हतं, अंडं हलकं होत गेलं होतं. दर आठवड्याला ते जास्त वर यायचं आणि आम्ही पाण्याला शाबासकी देत होतो. आणि ते अंडं आणलं कोणी, पदरात घालून, रांगेत घुसून? आपलंच नाणं खोटं.

बाला सांगायला मला दोन दिवस लागले. मार खायची भीती नव्हती, त्याने मला कधी मारलं नव्हतं. त्याचा चेहरा बघायची भीती होती. शेवटी त्याला बोलावून परसात आणलं, हंडीपुढे बसवलं, आणि दोन्ही अंडी पाण्यात सोडली. एक खाली, एक वर. मग मास्तर काय बोलले ते जमेल तसं सांगितलं. उन्हाने हंडीतलं पाणी कोमट झालं तरी बा बघत होता.

"मना ठाव हुतं," तो अखेर म्हणाला. "पानी कच्चा हाय ते माजे हाताला कललं हुतं. बोटान् चिकटच नव्हता. पन त्या अंड्याला पाद्रीबाबाचा हात लागलेला. मंग मी माजे हाताचा ऐकला नाय."

ते अंडं टाकायची त्याची हिंमत होईना. म्हणून आम्ही दोघं पाद्रीबाबांच्या देवळात गेलो. पाद्रीबाबांनी सगळं ऐकून घेतलं, अंडं कानाशी नेऊन हलवलं, आतून डबडब आवाज आला. ते मोठ्याने हसले. म्हणाले, आशीर्वादाने अंडं शिळं व्हायचं थांबत नाही. तसं असतं तर मी अजून तरुण नसतो का? मग गंभीर होऊन म्हणाले, देवाने तुला हात दिलेत पास्कू, तेही त्यानेच आशीर्वाद देऊन पाठवलेत. ते अंडं त्यांनी देवळामागच्या आंब्याखाली स्वतः पुरलं. त्याचा वास आला असणार, पण आम्ही तोवर घराच्या वाटेला लागलो होतो.

त्यानंतरचे दिवस मला लख्ख आठवतात. शेवटच्या तापवणीत ताजं अंडं सोडलं तर ते जेमतेम मध्येच लोंबकळलं. म्हणजे अजून किती वाट बघायची होती. बा रोज नवं अंडं न्यायचा, आधी हंडीतल्या गोड्या पाण्यात टाकायचा, ते आडवं तळाशी बसलं तरच पुढे. आधी अंड्याची परीक्षा, मग पाण्याची. मालकाचा कारकून रोज येऊन कटकट करायचा, की सण जवळ आला, दार उचल. बा मान हलवायचा. पाणी आधी गढूळ तांबूस, मग उजळ गुलाबी झालं. कडेला साय धरू लागली. दुपारी त्यावरून येणारा वारा चुलीवरून आल्यासारखा लागायचा. अंड्याची पाठ वर आली, आधी तांदळाएवढी, मग चण्याएवढी, मग बोराएवढी. शुभ शुक्रवारी घंटा वाजत नाहीत, लाकडी खटखटं वाजवतात. त्या आवाजातही बा बांधावर जाऊन अंडं बघून आला होता.

सणाच्या आदल्या दिवशी मालक आले तेव्हा ढीग नव्हताच. वाफे कोरडे होते आणि तापवणी भरलेली होती. मालकांचा चेहरा लाल झाला. सगळी माणसं जमली. मी आयच्या मागे उभी होते. मला वाटलं आता बा सांगणार, ही पोर, हिने ते अंडं आणलं. त्याने सांगितलं असतं तरी मी त्याला दोष दिला नसता. बा पुढे झाला, डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं.

"अंडं शिळं हुतं, मालक," तो म्हणाला. "पानी कच्चा हुतं आन् मी पिकलंय म्हनून सांगतलं. चूक माजी हाय, दुसऱ्या कोनाची नाय. आता पानी मना कललंय. आठ दिस द्या. नाय जमलं तं पाटी मी आपल्या हातान् उचलीन."

एवढी माणसं ऐकत असताना पाणी बघणाऱ्याने आपण पाणी चुकीचं वाचलं असं म्हणणं म्हणजे काय, ते त्या बांधावरच्या प्रत्येकाला कळत होतं. कुणी हललं नाही. मालकांनी आठ दिवस दिले.

चौथ्या दिवशी बाने दोन बोटं वर केली. आठव्या दिवशी वाफ्यांत मीठ फुललं. टपोरं, चौकोनी, डोळे दिपवणारं. फावडं ओढलं की ते खळखळ हसायचं. मालकांनी चिमूट तोंडात टाकली, गिळली, आणि टांग्यात बसले. पुढल्या वर्षी काचेची नळी आली खरी, पण ती वाचायला बालाच शिकवलं. नळी आणि अंडं यांचं एकमत होतं, हे बा मोठ्या समाधानाने सांगायचा. माझ्याशी मात्र तो त्या अंड्याबद्दल पुन्हा कधी एक शब्द बोलला नाही. चांगलाही नाही, वाईटही नाही. माझं लग्न झालं, नवरा लवकर गेला, मी पुण्याला शिकून कल्याणला मास्तरीण झाले, बा म्हातारा झाला आणि एका उन्हाळ्यात गेला. ते एक बोलणं आमच्यात राहूनच गेलं. मला मनातून नेहमी वाटायचं की त्याने मला माफ केलं, पण तो ते विसरला नाही.

परवा त्याच बांधावर गेले. तीच तापवणी, नवी माणसं. मला ओळखणारं कुणी उरलेलं नाही. एक तरुण आगरी बाई, कमरेला लुगडं खोचलेली, हंडीत गोडं पाणी घेऊन बसली होती आणि त्यात अंडं सोडत होती. ते तळाशी आडवं पडलं. तिने ते काढून पुसलं आणि हंडी उचलून तापवणीकडे निघाली. मी तिला थांबवून विचारलं, बाई, आधी गोड्या पाण्यात कशाला? शहरातली बाई काय विचारते, अशा नजरेने तिने माझ्याकडे बघितलं.

"पास्कूबाची रीत हाय ती," ती म्हणाली. "पयली अंड्याची परीक्षा, मंग पान्याची. माजा सासरा त्याच्या हाताखाली हुता. पास्कूबा सगल्यांना सांगं, ही रीत माजी नाय, माजे पोरीची हाय. पोरीन् मना वाचवलं. जो नवा मानूस येई त्याला पयलं हेच सांगं."

मी खाली बसले. बांध तापलेला होता, लुगड्यातून चटका बसत होता, पण मला उठवेना. इतकी वर्षं. प्रत्येक नव्या माणसाला. आणि मला एकदाही नाही. असा हा माझा बा.

बाईने हातातली हंडी खाली ठेवली आणि माझ्याकडे निरखून पाहिलं. तुम्हाला ऊन लागलं का, म्हणून विचारलं. मग जरा थांबून म्हणाली, ती पोर कल्यानला मास्तरीन हाय म्हंतात. तुमी वलखता काय तिला?

"थोडीशी," मी म्हटलं.